नळीवरचा नंबर

आमच्या सोसायटीच्या गेटवर एक लाठीवाला गार्ड होता. लखनौबाहेरच्या बख्शी का तालाबच्या पलीकडच्या गावचा, पंचेचाळिशीचा, मिशा कात्रीनं नीट सारख्या केलेला. मी सकाळी स्कूटर काढली की गेटचा दांडा वर करून "मैडम जी, नमस्ते" म्हणायचा आणि मी घाईत नुसती मान हलवायची. दोन वर्षं आमचं बोलणं तेवढंच. मग एके दिवशी त्याला कुणीतरी सांगितलं की तिसऱ्या मजल्यावरच्या मराठी मॅडम गंजलेल्या बंदुका साफ करतात.

कुणीतरी म्हणजे माझा नवराच. आपण एक गमतीचा किस्सा सांगतोय, असं त्याला वाटलं.

गमतीचा होताच तो. मी मूळची साताऱ्याकडची. लखनौला आले ती औषधांवर संशोधन करणाऱ्या एका सरकारी संस्थेत केमिस्ट म्हणून. नवरा विद्यापीठात शिकवायचा. जानकीपुरमच्या वाढीव भागात आमचा फ्लॅट. आणि दर शनिवारी सकाळी ही बाई हजरतगंजच्या मागच्या गल्लीतल्या एका बंदुकीच्या दुकानात जाऊन गंज खरवडत बसायची. नवऱ्याला स्टाफरूममध्ये त्यावरून चिडवायचे, की घरी भांडण झालं तर सर तुमचं काय होत असेल.

माझे वडील फौजेत आर्मरर होते, म्हणजे पलटणीची हत्यारं दुरुस्त करणारे. ते ड्यूटीवरून आले की त्यांच्या कपड्यांना बंदुकीच्या तेलाचा वास यायचा. ते गेल्यावर वर्षभरानं त्या गल्लीतून जाताना तोच वास आला आणि मी सरळ दुकानात शिरले. मागच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री बसले होते, त्यांना सगळे चचा म्हणायचे. माझ्याकडे चष्म्यावरून बघून म्हणाले, "बिटिया, रास्ता भूल गईं?" मी म्हटलं, नाही, हा गंज तुम्ही कसा काढता ते बघायचंय. त्यांनी दाखवलं. गंजावर तेल सोडून दोन दिवस तसंच ठेवायचं आणि मग जुन्या तांब्याच्या पैशाच्या कडेनं हळूहळू खरवडायचं. तांबं मऊ, त्यामुळे गंज सुटतो आणि पोलादाला ओरखडा येत नाही. मी पीएच.डी. केलेली बाई, पण एवढी साधी गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती.

दुकानाकडे दुरुस्तीचं लायसन्स होतं, त्यामुळे तिथे बसून मी जे करायचे ते कायद्यात बसत होतं. दुकानाबाहेर कुठल्याही बंदुकीला हात लावायचा नाही, हा चचांचा पहिला नियम. ज्याची बंदूक तो माणूस समोर बसलेला हवा, हा दुसरा. चार वर्षं मी दोन्ही पाळले.

आणखी एक सांगून ठेवते. मी तोंडाळ आहे. भाजीवाल्यापासून डायरेक्टरपर्यंत कुणाचीही मी भीडभाड ठेवलेली नाही. भर मीटिंगमध्ये डायरेक्टरला "सर, हे साफ चूक आहे" म्हणून मी एकदा सुनावलं होतं आणि तो माणूस तेव्हापासून माझ्यावर डूख धरून होता. माहेरी म्हणायचे, हिच्या जिभेला हाड नाही. मला त्याचा अभिमानच होता.

तर गार्डची बंदूक. ती त्याच्या वडिलांची, एकनळी बारा बोअर. वडील वारले तशी नियमाप्रमाणे ती ठाण्यात जमा झाली आणि वारस म्हणून मुलाच्या नावानं लायसन्स व्हायला सहा वर्षं गेली. सहा वर्षं ती मालखान्यात, जमा मालाच्या खोलीत, ओल्या भिंतीला टेकून उभी. त्यानं ती पोत्यात गुंडाळून आणली आणि माझ्यासमोर उघडली तेव्हा मी कपाळाला हात लावला. लाल चिखलात लोळवून वाळवल्यासारखी दिसत होती.

त्याचा जीव तिच्यात का अडकलाय ते त्यानं गेटवर उभ्याउभ्या सांगितलं. सोसायटीत बटणावर उघडणारं गेट बसणार होतं आणि लाठीवाले कमी होणार होते. त्याच्या एजन्सीला हवे होते गनमॅन, बँकेच्या दारात उभे राहणारे, स्वतःचं लायसन्स आणि स्वतःची बंदूक असलेले. एजन्सीच्या साहेबानं त्याला एक महिना दिला होता. बंदूक चकचकीत पाहिजे आणि लायसन्सच्या पुस्तिकेवर ठाण्याचा सत्यापनाचा शिक्का पाहिजे. सत्यापन म्हणजे बंदूक ठाण्यात न्यायची, मुंशी, म्हणजे ठाण्यातला कारकून, नळीवरचा नंबर पुस्तिकेतल्या नंबराशी ताडून बघणार आणि शिक्का मारणार. शिक्का मिळाला तर नोकरी, नाहीतर आहे ती लाठीही जाणार.

"मैडम जी, उमर निकल गई इसके पीछे," तो म्हणाला.

चचांचं नेमकं तेव्हाच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि ते महिनाभर दुकानात येणार नव्हते. ते आल्याशिवाय दुकानाचा मालक मला एकटीला हात लावू देईना. मी थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, त्यात काय एवढं. गंजच तर आहे. "आण घरी," मी म्हटलं. "पण तू समोर बसायचं." म्हणजे निदान दुसरा नियम तरी पाळला, अशी मी मनाची समजूत घातली.

तीन रविवार तो आमच्या बाल्कनीत वेताच्या मोढ्यावर बसला. लायसन्सची पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर. नवरा मधूनमधून चहा आणि पोहे आणून द्यायचा आणि बंदुकीकडे न बघता परत जायचा. गार्ड वडिलांच्या गोष्टी सांगायचा, शेतातल्या नीलगायी पळवायला ते हवेत बार कसा काढायचे, सगळं गाव कसं ऐकायचं. माझा हात चालू. तेल, तांब्याचा पैसा, फडकं, परत तेल. दुसऱ्या रविवारी नळीवर पोलादाचा करडा रंग दिसायला लागला तेव्हा तो उठून उभाच राहिला. मलाही फार भारी वाटलं. लॅबमध्ये वर्षानुवर्षं काम करून एक रेणू हाती लागत नाही आणि इथे एका माणसाचा चेहरा माझ्यासमोर उजळत होता.

तिसऱ्या रविवारी नळीच्या खालची बाजू राहिली होती. तिथे हात धरायला लाकडाचा एक तुकडा बसवलेला असतो, तो काढला तर खाली गंजाची जाड खपली. लाकडानं सहा वर्षं ओल धरून ठेवलेली. तांब्याच्या पैशानं तासभर खरवडलं तरी ती हटेना. माझा संयम संपला. नवऱ्याचं ड्रिल आणलं, त्याला घासायचं चाक लावलं आणि म्हटलं, बघते कशी निघत नाही ते. तसंही लाकडाखाली कोण बघतंय!

निघाली. खपलीखाली बारीक खडबडीत दाणे उरले होते. गार्ड वाकून म्हणाला, "मैडम जी, यहाँ अभी दाने रह गए हैं." मलाही ते खटकत होतेच. परत चाक फिरवलं. दोन मिनिटांत ती जागा आरशासारखी झाली. त्यानं तिच्यात तोंड बघून मिशीवरून हात फिरवला आणि आम्ही दोघं हसलो.

बंदूक जोडली, पुसली. मग मोठ्या ऐटीत मी म्हटलं, "आण तुझी पुस्तिका. मुंशीच्या आधी मीच नंबर जुळवते."

पुस्तिकेत पाच आकडी नंबर होता. बंदुकीच्या मधल्या पेटीवर बघितला, तिथे नुसती बनवणाऱ्याची खूण. नळीच्या वरून बघितलं, नाही. डाव्या बाजूला नाही, उजव्या बाजूला नाही. मी लाकडाचा तुकडा परत काढला आणि त्या आरशासारख्या जागेकडे बघत राहिले. ते दाणे नव्हते. उथळ ठोकलेला, गंज भरलेला नंबर होता तो, आणि मी तो माझ्या हातानं घासून टाकला होता.

गार्डला कळायला अर्धं मिनिट लागलं. आधी त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग तो मोढ्यावर बसला आणि पुस्तिका परत पिशवीत घालायला लागला, पण पिशवीचं तोंडच त्याला सापडेना.

आणि मी काय केलं? मी त्याच्यावर ओरडले. "तुला माहीत नव्हतं नंबर कुठं आहे ते? स्वतःची बंदूक आहे ना?" सहा वर्षांत त्यानं ती बंदूक एकदाही हातात धरली नव्हती, त्याला कुठून माहीत असणार! मला माझीच लाज वाटली, पण शब्द निघून गेले होते. सत्यापनाची तारीख पुढच्या सोमवारची होती. आठ दिवस.

तो बंदूक पोत्यात गुंडाळून घेऊन गेल्यावर नवऱ्यानं दार लावून घेतलं. "आता हे ऐक," तो म्हणाला. "तुझं नाव यात कुठंही यायला नको. तुझी सरकारी नोकरी आहे. लायसन्स नसताना घरात बंदूक घेऊन बसलीस, वर तिचा नंबर घालवलास. तो डायरेक्टर टपूनच बसलाय."

"म्हणजे त्याला एकट्याला पाठवू?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस?" मी डोक्यात राख घालून घेतली. तू भित्रा आहेस, तुला फक्त आपलं आपलं दिसतं, वाट्टेल ते बोलले. पण त्यानं बोलून दाखवलं ते माझ्याही मनात येऊन गेलं होतं, म्हणून तर मी एवढी चिडले होते.

मंगळवारी रजा टाकून मी जुन्या लखनौच्या चौक भागातल्या चचांच्या घरी गेले. डोळ्यावर हिरवी पट्टी. मी सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, की नंबर पुसलेली बंदूक ज्याच्याकडे सापडते, त्यानंच तो पुसला असं कायदा धरून चालतो. नाही पुसला हे त्यानं सिद्ध करायचं.

मग म्हणाले, ठोकलेला आकडा वरून गेला तरी खालचं पोलाद दबलेलं राहतं. पोलिसांच्या लॅबवाले तिथे तेजाब लावून आकडा परत वर आणतात, त्यांनी स्वतः बघितलंय. मी एकदम ताठ बसले. हे मी वाचलेलं होतं! दबलेल्या जागी आम्ल वेगळ्या वेगानं चढतं आणि आकडा थोडा वेळ दिसतो. भीतीनं डोकं चालायचंच बंद झालं होतं माझं.

"मगर घर पर नहीं," चचा म्हणाले. "जो करना, थाने में, उनके सामने करना. और बिटिया, पंच मत मारने देना. उसने नया नंबर ठोंका, तो समझो गया." पंच म्हणजे आकडे ठोकायचे पोलादी ठसे, बाजारात कुठेही मिळतात.

बुधवारी मी लॅबमध्ये लोखंडाच्या भंगार पट्टीवर आकडे ठोकून घेतले, कानशीनं सपाट केले आणि द्रावण लावून बघितलं. तीनदा केलं. तिन्ही वेळा आकडे उठले. संध्याकाळी गेटवर थांबून मी गार्डला सगळं समजावलं. सोमवारी मी बरोबर येते. चूक माझी, मी लेखी देते. त्यांच्यासमोर नंबर काढून दाखवते. "माझा शब्द आहे," मी म्हटलं. हिंदीत म्हटलं, "ज़बान देती हूँ." अर्जही लिहिला, नवऱ्याकडून हिंदी तपासून घेतला. त्यानं दोन चुका दुरुस्त करून दिल्या.

गार्डनं सगळं ऐकून घेतलं, पण त्याचा विश्वास बसला नाही. ठाण्यात खरं बोलून कुणाचं भलं झालंय, असं तो म्हणाला.

रविवारी सकाळी तो परत बाल्कनीत आला तो बंदुकीबरोबर हातोडी आणि ठशांची डबी घेऊन. मी नळी टेबलावर आवळून दुसऱ्या दिवसासाठी तेल पुसून काढत होते. त्यानं डबी उघडली. शून्य ते नऊ, ओळीनं.

"बस पाँच बार मारना है, मैडम जी. पाँच बार. आप मत मारिए, हम मारेंगे. आप खाली पकड़िए."

"नाही."

"किसी को पता नहीं चलेगा."

"कळेल. ठसा वेगळा दिसतो. चचांनी सांगितलंय ना?"

"चचा की नौकरी नहीं जा रही है!" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. नवरा दारात येऊन उभा राहिला. "मैडम जी, आपका तो ये शौक है. शौक में बिगड़ गया तो बिगड़ गया. हमारा तो यही एक है."

त्यानं पहिला ठसा नळीवर ठेवला. मी म्हटलं, थांब. तो थांबेना. हातोडी वर गेली आणि मी काहीही विचार न करता त्या जागेवर हात ठेवला.

हातोडी माझ्या डाव्या अंगठ्यावर बसली. मला आवाज आधी ऐकू आला आणि कळ नंतर लागली. अशी लागली की मी खालीच बसले. नख काळंनिळं, कडेनं रक्त. त्यानं हातोडी टाकली आणि माझ्या पायाशी बसून "हमसे क्या हो गया, हमसे क्या हो गया" म्हणत रडायला लागला. नवरा बर्फ आणायला धावला. मी कळवळत होते, पण आतून मला बरंही वाटत होतं, हे खरं. वाटलं, फिटलं. माझ्या चुकीचं थोडं तरी फिटलं. आता उद्या बोलायचं तेवढं बाकी.

सोमवारी दहा वाजता आम्ही ठाण्यात पोचलो. माझ्या पर्समध्ये अर्ज, पिशवीत द्रावणाची बाटली, कापूस, हातमोजे. अंगठ्याला जाड पट्टी. रात्रभर जीव टांगणीला लागलेला, तरी मनात वाक्य पाठ होतं. इन्स्पेक्टर साहब, ग़लती मेरी है. बस, एवढं एक वाक्य.

मुंशीनं पुस्तिका घेतली, बंदूक उलटीसुलटी केली, चष्मा लावला, काढला. "नंबर कहाँ है?"

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी गार्ड बोलला.

"हमसे मिट गया, साहब. जंग बहुत था, हमने घर पर रेगमाल के काग़ज़ से घिस दिया. हम पढ़े-लिखे नहीं हैं, समझे नहीं."

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. मुंशीनं आतून इन्स्पेक्टरला बोलावलं. इन्स्पेक्टर चाळिशीचा, शांत बोलणारा. नंबर मिटवणं म्हणजे काय गुन्हा आहे, माहीत आहे का, असं त्यानं विचारलं. गार्डनं हात जोडून मान हलवली. इन्स्पेक्टर मुंशीला म्हणाला, लिहून घे याचं म्हणणं. मुंशी लिहायला लागला.

आता बोल, मी स्वतःला म्हणत होते. आता. हे वाक्य झालं की बोल. मुंशी एकेक शब्द मोठ्यानं उच्चारत लिहीत होता, 'मैंने स्वयं अपने घर पर'. डोळ्यांसमोर सस्पेन्शनचा कागद, डायरेक्टरचा चेहरा, लॅबमधल्यांची कुजबूज. जन्मभर ज्या तोंडाचा मला अभिमान होता, ते तोंड उघडेना. आणि खरं सांगते, त्या वेळी मला हायसं वाटलं. सुटले, असं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही किळस येते.

"और मैडम, आप?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

परत गार्डच बोलला. "ये हमारी सोसायटी की साइंटिस्ट मैडम हैं. नंबर उठाना जानती हैं. हम हाथ जोड़कर लाए हैं."

"जी," मी म्हटलं.

मला लगेच खुर्ची मिळाली. गार्ड उभाच होता. अंगठ्याला काय झालं, असं इन्स्पेक्टरनं आपुलकीनं विचारलं. दारात सापडला, मी सांगितलं.

मग मी हातमोजे चढवले. नळी टेबलावर, खाली वर्तमानपत्र. कापसाचा बोळा त्या जागेवर फिरवायला लागले. ठाण्यातली सगळी माणसं भोवती गोळा झाली. पाच मिनिटं काही नाही. दहा मिनिटं काही नाही. पट्टीवर हातमोजा नीट बसला नव्हता, द्रावण आत झिरपलं आणि जखमेत आग पेटली. मी हात काढला नाही. माझ्या शेजारी गार्डचा श्वास ऐकू येत होता. पोलाद काळवंडत चाललं आणि मग त्या काळ्यात एक करडी रेघ दिसली. मग तिला वळण आलं. "सात है," मुंशी ओरडला. त्यापाठोपाठ शेजारचा शून्य आला, मग बाकीचे, एकामागून एक. पाचही. पुस्तिकेतले पाच आणि नळीवरचे पाच तेच. मोबाईलनं फोटो काढणं तेव्हा नुकतंच सगळ्यांच्या हाती आलं होतं; तिघांनी काढले. इन्स्पेक्टरनं चहा मागवला, माझ्यासाठी बिस्किटं. "कमाल कर दिया, मैडम."

मला वाटलं, आता शिक्का मारतील.

इन्स्पेक्टर माणूस वाईट नव्हता. म्हणाला, नंबर जुळला म्हणून अटक करत नाही. पण यानं स्वतः मिटवलाय, लिहून दिलंय. बंदूक सरकारी लॅबला जाणार, रिपोर्ट येईपर्यंत लायसन्स निलंबित. रिपोर्टला किती दिवस, मी विचारलं. त्यानं खांदे उडवले.

"अगर किसी जानकार ने साफ़ करते हुए ग़लती से मिटाया होता," तो पुढे म्हणाला, "और वो लिखकर देता, तो बात अलग थी. इसका क़सूर नहीं बनता."

हे तो माझ्याकडे बघून म्हणाला. माझी पर्स मांडीवर होती. मी चहा संपवला.

बाहेर रस्त्यावर गार्ड म्हणाला, "आपने बहुत किया, मैडम जी." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते. तो ऑटोनं गेला आणि मी स्कूटरपाशी उभी राहिले. पाच मिनिटांनी मी परत आत गेले. खरंच गेले. अर्ज हातात धरला होता. इन्स्पेक्टर राउंडला निघून गेला होता. मुंशी जेवणाचा डबा उघडत होता. "कल आइए," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी माझा संस्थेत सेमिनार होता. मी तो दिला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी गेले नाही. सोमवारीच संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं होतं, "अर्ज दिलास?" मी म्हटलं होतं, "हो." तो माझ्या पट्टीकडे बघत म्हणाला, "बरं केलंस. मी घाबरलो होतो, पण तू बरं केलंस." आणि रात्री त्यानं मला न सांगता पिठलं केलं, मला आवडतं म्हणून.

महिना संपला. बँकेच्या दारातली जागा दुसऱ्या कुणाला गेली. नवीन गेट बसलं तशी लाठीवाल्यांना कामावरून कमी केलं. जायच्या दिवशी गार्ड आमच्याकडे निरोप घ्यायला आला. गावी राहणार होता, भावाच्या शेतावर. नवऱ्यानं त्याला आग्रहानं सोफ्यावर बसवलं, चहा दिला. लॅबचा रिपोर्ट आला नव्हता. नवऱ्याला राहवेना, तो म्हणाला, "मॅडमनं लिहून दिलं तरी असं कसं झालं?"

गार्डनं माझ्याकडे पाहिलं. त्याला काही कळेना. मग अगदी चांगल्या मनानं, जणू नवऱ्याची काळजी मिटवायला, तो म्हणाला, "नहीं नहीं, सर. आप चिंता मत कीजिए. मैडम जी का नाम हमने कहीं नहीं आने दिया. हमने सब अपने नाम लिखवा दिया. मैडम जी चुप रहीं, ठीक ही किया."

तो गेला. नवऱ्यानं त्याचा कप उचलला, आत जाऊन धुतला, पुसला. मी मागोमाग गेले. काहीतरी बोलेल, ओरडेल, भित्री म्हणेल, मी त्याला म्हटलं होतं तसं. त्यानं कप कपाटात ठेवला आणि माझ्या बाजूनं बाहेर गेला. माझं नाव कुठंही यायला नको म्हणणारा तो माणूस पुढचे आठ दिवस माझ्याशी एक शब्द बोलला नाही आणि मीही त्याला बोलतं केलं नाही.